न जुळलेलं स्कॅफॉइड आणि मनगटातला शाबूत सांधा

पडताना हात टेकला जातो, मनगट सुजतं, अंगठ्याच्या बाजूला काही दिवस ठणकतं आणि मग ओसरतं. मुका मार होता असं समजून माणूस कामाला लागतो. दहा-पंधरा वर्षांनी तेच मनगट पुन्हा कुरकुरायला लागतं. बाटलीचं झाकण फिरवताना कळ येते, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठता येत नाही, मनगट मागे वाकेनासं होतं. एक्स-रे काढला की स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड दोन तुकड्यांत दिसतं, मध्ये काळी फट असते आणि शेजारी रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणाऱ्या हाडाच्या, टोकाला चोचीसारखं हाड वाढलेलं असतं. जुनं फ्रॅक्चर कधी जुळलंच नव्हतं आणि त्यामुळे आता सांधा झिजला आहे. डॉक्टर याला एसएनएसी (स्कॅफॉइड नॉनयुनियन अ‍ॅडव्हान्स्ड कोलॅप्स) किंवा नुसतं ‘स्नॅक रिस्ट’ म्हणतात.

यावर शस्त्रक्रिया बऱ्याच आहेत, पण मनगट पूर्वीसारखं करून देणारी एकही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रत्येक शस्त्रक्रियेत थोडी हालचाल सोडायची आणि वेदना कमी करून घ्यायची, असा व्यवहार असतो. किती हालचाल सोडावी लागेल हे ठरतं एकाच गोष्टीवरून: मनगटात कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, कुठे शिल्लक आहे.

हे हाड का जुळत नाही

स्कॅफॉइड जेमतेम शेंगदाण्याएवढं, होडीच्या आकाराचं हाड. त्याचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग कूर्चेने मढलेला असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा फार थोडी. मुख्य रक्तपुरवठा बोटांकडच्या भागातून, हाताच्या पाठीकडून आत शिरतो आणि तिथून कोपराच्या दिशेने उलटा वाहतो. हाडाच्या ७० ते ८० टक्के भागाची भिस्त याच वाटेवर असते. हाड मधोमध मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं. त्यात भर म्हणजे सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये हे फ्रॅक्चर अनेकदा दिसतच नाही, मग प्लास्टर पडत नाही किंवा लवकर निघतं. सहा महिन्यांत हाड जुळलं नाही तर ते आपोआप जुळेल ही आशा सोडावी.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत असतात. स्कॅफॉइड हे त्या दोन्ही ओळींना बांधणारं एकमेव हाड, दोन फळ्यांना ठोकलेल्या आडव्या पट्टीसारखं. पट्टी मध्ये तुटली की बोटांकडचा तुकडा तळहाताकडे वाकतो, कोपराकडचा तुकडा शेजारच्या ल्युनेटबरोबर मागे कलंडतो आणि स्कॅफॉइडला कुबड येतं. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यातला कोन साधारण ३० ते ६० अंश असायला हवा. तो ७० च्या पुढे गेला की मनगट खचायला लागलं असं समजायचं.

झीज ठरलेल्या क्रमाने पसरते. आधी रेडियसचं अंगठ्याकडचं टोक आणि स्कॅफॉइडचा बोटांकडचा तुकडा एकमेकांवर घासतात, ही पहिली पायरी. मग स्कॅफॉइड आणि कॅपिटेट (बोटांकडच्या ओळीतलं मधलं मोठं हाड) यांच्यातला सांधा जातो, ही दुसरी. शेवटी कॅपिटेट आणि ल्युनेट यांच्यातला, ही तिसरी. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बदल फक्त स्कॅफॉइडपुरते असलेल्या रुग्णांचं फ्रॅक्चर सरासरी ८ वर्षांचं, रेडियसशी झीज झालेल्यांचं १७ वर्षांचं आणि सगळीकडे पसरलेल्यांचं ३० वर्षांहून जुनं निघालं. हे सरासरीचे आकडे आहेत, कुणाचं मनगट यापेक्षा लवकर खचतं. पण दुखत नाही म्हणून न जुळलेलं स्कॅफॉइड सोडून देऊ नये, हे मात्र त्यातून स्पष्ट होतं.

या सगळ्यात एक सांधा बहुतेक वेळा शेवटपर्यंत चांगला राहतो, तो म्हणजे रेडियस आणि ल्युनेट यांच्यामधला. कारण आकारात आहे. ल्युनेटचा माथा चेंडूसारखा गोल आणि रेडियसमधली त्याची खोबण वाटीसारखी. चेंडू वाटीत कसाही कलला तरी सगळ्या अंगाने टेकतो, भार पसरतो. स्कॅफॉइडची खोबण लांबट आहे. त्यात लांबट हाड जरा फिरलं की ते कडेवर टेकतं आणि सगळा भार एका रेघेवर येतो. ल्युनेटला धरून असलेला स्कॅफॉइडचा कोपराकडचा तुकडाही बहुधा रेडियसला झिजवत नाही. मनगटाची हालचाल राखणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रिया या एका वाटीच्या जिवावर होतात.

टेबलावर जाण्याआधी

शस्त्रक्रिया एक्स-रेवर करू नये, माणसावर करावी. अत्यंत वाईट एक्स-रे असलेली पण फारशी तक्रार नसलेली माणसं असतात. त्यांना अंगठ्याचं मूळ धरून ठेवणारा पट्टा, गरजेपुरती वेदनाशामकं आणि कधी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन एवढ्यावर अनेक वर्षं काढता येतात. इंजेक्शनने झीज थांबत नाही, पण दुखणं खरंच सांध्यातून येतंय का हे त्यातून कळतं.

शस्त्रक्रियेचा विचार ठरला तर बारीक कापांचा सीटी स्कॅन हवाच. साध्या एक्स-रेवर कॅपिटेटचं डोकं सावल्यांच्या गर्दीत लपतं. कोपराकडचा तुकडा जिवंत आहे का हे एमआरआयमधून कळतं, पण ते विचारायची गरज तेव्हाच जेव्हा हाड जुळवण्याचा बेत असेल. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर ती काही आठवडे आधी पूर्ण थांबवावी आणि हाड जुळेपर्यंत थांबलेलीच ठेवावी. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या शस्त्रक्रियांमध्ये हाडाला हाड जुळायचं असतं त्या बिघडवण्याची ही हमखास वाट आहे.

पहिल्या पायरीवर अजून स्कॅफॉइड वाचवता येतं. फटीतला मेलेला भाग खरवडून काढायचा, कमरेच्या हाडातून किंवा रेडियसमधून घेतलेला पाचरीसारखा हाडाचा तुकडा तळहाताच्या बाजूने बसवून कुबड सरळ करायचं आणि डोकं नसलेला स्क्रू आरपार घालायचा. कोपराकडचा तुकडा निर्जीव असेल तर रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा आणावा लागतो. सोबत रेडियसचं घासणारं टोक छाटतात, पण ३ ते ४ मिलीमीटरच. त्या टोकापासून निघणारं एक मजबूत लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) तळहाताच्या बाजूने स्कॅफॉइडला वळसा घालून कॅपिटेटला जातं आणि मनगटाला करंगळीकडे घसरण्यापासून रोखतं. जास्त हाड छाटलं की लिगामेंटचं मूळ उखडतं, आणि मग निस्तरायला आधीपेक्षा मोठी अडचण उभी राहते. हाड जुळण्याची शक्यता कमी असेल तर काही वेळा फक्त बोटांकडचा तुकडा काढून टाकतात. सोपं काम, प्लास्टर थोडके दिवस, आराम लवकर. पण आधीच मागे कलंडलेलं ल्युनेट त्यानंतर आणखी कलंडू शकतं, म्हणून कॅपिटेट आणि ल्युनेट यांच्यातला सांधा चांगला असेल तरच हे करावं.

पहिली ओळ काढायची की चार हाडं जोडायची

दुसऱ्या पायरीवर स्कॅफॉइड वाचवण्यात अर्थ उरत नाही. इथे दोन मोठे पर्याय समोर येतात आणि खरी घासाघीस याच ठिकाणी असते.

एक म्हणजे कोपराकडची ओळ काढून टाकणं. स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम ही तीन हाडं काढायची आणि कॅपिटेटचं डोकं सरकवून रेडियसच्या त्या शाबूत वाटीत बसवायचं. ही शस्त्रक्रिया १९४४ पासून नोंदलेली आहे. ऐकायला रानटी वाटते, पण नीट निवडलेल्या मनगटात ती आश्चर्यकारक चांगली चालते.

बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून हे काम होतं. दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्त थांबवतात, मनगटाच्या पाठीवर मधोमध उभा छेद घेतात. अंगठा उचलणारं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्याच्या बोगद्यातून मोकळं करून बाजूला घेतात, बोटं सरळ करणारी टेंडन्स दुसऱ्या बाजूला. त्यांच्या तळाशी एक बारीक नस असते, जी तिथे फक्त सांध्याची वेदना वाहून नेते. तिचा एक-दोन सेंटीमीटरचा तुकडा तिथल्या तिथे काढून टाकतात, त्याने फुकटात थोडा आराम मिळतो. मग सांध्याचं आवरण लिगामेंटच्या तंतूंच्या दिशेने झाकणासारखं उघडतात.

निर्णयाचा क्षण इथे येतो. मनगट वाकवून, हाताला ताण देऊन कॅपिटेटचं डोकं समोर आणायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. निरोगी कूर्चा पांढरीशुभ्र, ओलसर, चकचकीत असते, बोथट अवजाराने दाबली की किंचित दबून परत येते. झिजलेली कूर्चा पिवळट दिसते, तिचे तंतू सुटलेले असतात. जिथे ती संपली तिथे उघडं हाड हस्तिदंतासारखं गुळगुळीत आणि टणक लागतं. कॅपिटेटच्या माथ्यावर असा उघडा पट्टा दिसला तर ते डोकं वाटीत बसवून उपयोग नाही, बेत बदलायचा. म्हणूनच रुग्णाची संमती आधीच दोन्ही शस्त्रक्रियांसाठी घेतलेली असावी. स्कॅन कितीही चांगला असला तरी शेवटचा कौल उघड्या सांध्याचा असतो.

डोकं चांगलं असेल तर हाडं काढायला घेतात. ल्युनेटमध्ये जाड तार रुतवून तिचा मुठीसारखा वापर केला की ते हलवून सोडवता येतं. स्कॅफॉइड अनेकदा तुकड्या-तुकड्यानेच निघतं, आणि घाई नडते ती इथेच. त्याच्या खालून, तळहाताच्या बाजूने, ते मघाचं वळसा घालणारं लिगामेंट जातं. ते कापलं गेलं तर कॅपिटेट वाटीतून करंगळीकडे घसरत जातं आणि सगळी शस्त्रक्रिया वाया जाते. हाडं निघाल्यावर मनगट अंगठ्याकडे वाकवून बघायचं. ट्रॅपिझियम (अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड) रेडियसच्या टोकावर आपटत असेल तर ते टोक थोडं छाटायचं. आवरण शिवायचं, ३ ते ४ आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. जुळण्याची वाट बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे हातावरचा ताबा लवकर येतो. मनगट थोडं आखूड होतं, टेंडन्स सैल पडतात, म्हणून पकड सुरुवातीला खूप कमजोर वाटते. ती महिनोन्महिने वाढत राहते.

कॅपिटेटच्या डोक्याची गोलाई वाटीच्या गोलाईपेक्षा लहान असते. म्हणजे वाटीत चेंडू बसतो, पण नेमका मापाचा नाही. वर्षं गेली की या नव्या सांध्यातही झीज एक्स-रेवर दिसायला लागते, दुखलं नाही तरी. म्हणून पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या, रोज जड ओझं उचलणाऱ्या माणसाला हा पर्याय देताना हात आखडता घेतात.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त स्कॅफॉइड काढायचं आणि ल्युनेट, कॅपिटेट, हॅमेट व ट्रायक्वेट्रम ही चार हाडं एकमेकांना कायमची जोडून एकसंध ठोकळा करायचा. मग सगळी हालचाल त्या रेडियस-ल्युनेट सांध्यातून होते. मापाचा चेंडू मापाच्या वाटीत राहतो आणि मनगटाची उंचीही टिकते. कॅपिटेटचं डोकं झिजलेलं असलं तरी चालतं, कारण तो सांधा जोडूनच टाकायचा असतो. म्हणून तिसऱ्या पायरीवर बहुधा हीच शस्त्रक्रिया होते.

पण हिच्यात चुकायला जागा जास्त. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मागे कलंडलेलं ल्युनेट सरळ करणं. मनगट तळहाताकडे वाकवून ल्युनेट रेडियसच्या रेषेत आणायचं आणि रेडियसमधून त्यात एक तार घालून तात्पुरतं खिळवायचं. मग कॅपिटेट त्याच्यावर बरोबर मधोमध बसवायचं. ही पायरी चुकली, ल्युनेट कलंडलेलंच जोडलं गेलं, की मनगट मागे वाकवताना कॅपिटेट रेडियसच्या कडेवर आदळतं. हाडं उत्तम जुळतात, एक्स-रे छान दिसतो आणि रुग्णाला मात्र मनगट मागे नेताच कळ येते.

दुसरी चूक म्हणजे कूर्चा अर्धवट काढणं. चारही हाडांच्या समोरासमोरच्या बाजू रक्त झिरपणाऱ्या, जाळीदार हाडापर्यंत खरवडाव्या लागतात. फिरत्या यंत्राने खरवडताना थंड पाण्याची धार सतत हवी, नाहीतर हाड भाजतं आणि जुळत नाही. काढलेलं स्कॅफॉइड इथे कामी येतं. त्यातला चांगला जाळीदार भाग आणि रेडियसमधून घेतलेलं थोडं हाड फटींमध्ये ठासून भरतात. मग तारा, डोकं नसलेले स्क्रू, स्टेपल किंवा गोल प्लेट. सुरुवातीच्या गोल प्लेटचा अनुभव चांगला नव्हता, हाडं न जुळण्याचं आणि प्लेट रेडियसवर आपटण्याचं प्रमाण जास्त निघालं. माझा कल स्क्रूकडे आहे: ते हाडाच्या आत बुडतात, दाब देतात, बाहेर काही खुपत नाही. स्क्रूचं टोक ल्युनेटमधून वाटीत बाहेर आलेलं नाही ना, आणि ट्रायक्वेट्रमखालच्या वाटाण्याएवढ्या हाडाशी असलेल्या सांध्यात घुसलेलं नाही ना, हे शिवण्याआधी एक्स-रेवर वेगवेगळ्या कोनांतून बघायलाच हवं. शाबूत राहिलेला एकमेव सांधा स्क्रूच्या टोकाने खरवडला गेला तर उरतं काय?

प्लास्टर ६ ते ८ आठवडे, आणि हाडं जुळल्याची खूण एक्स-रेवर दिसेपर्यंत जोर द्यायचा नाही.

दोन्हींची तुलना केली तर वेदना कमी होण्यात आणि पकडीत फारसा फरक पडत नाही. पकड दुसऱ्या हाताच्या साधारण ७० ते ८० टक्के येते. हालचाल ओळ काढल्यावर थोडी जास्त मिळते, चार हाडं जोडल्यावर बहुधा निम्म्याच्या थोडी वर राहते. हाडं न जुळणं, स्क्रू-प्लेट काढावी लागणं हे प्रश्न जोडण्यातच येतात. ओळ काढण्यात ते नाहीत, पण नव्या सांध्याची झीज येते. हालचाल निम्मी झाली म्हणजे हात निकामी झाला असंही नाही. रोजची बहुतेक कामं मनगट ५ अंश तळहाताकडे आणि ३० अंश मागे जात असेल तर होतात. माझं मत विचाराल तर पंचेचाळिशीच्या पुढे, कॅपिटेटचं डोकं चांगलं असेल आणि तंबाखू सुटत नसेल तर ओळ काढणं. तरुण, अंगमेहनतीचं काम, तंबाखू नाही, तर चार हाडं जोडणं.

फक्त नस तोडणं

हाडाला हात न लावता वेदना नेणाऱ्या नसा तोडणं हा पर्याय रुग्णांना पुरेसा सांगितला जात नाही, याचं वाईट वाटतं. संपूर्ण मनगटाच्या नसा तोडण्याची पद्धत १९६६ पासून आहे. आता बहुधा दोनच नसा तोडतात, एक पाठीकडची आणि दुसरी कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यापलीकडची, दोन्ही मनगटाच्या वर घेतलेल्या एकाच छोट्या छेदातून. प्लास्टर लागत नाही, बोटं बधिर होत नाहीत आणि पुढे कुठलीही मोठी शस्त्रक्रिया करायची वाट मोकळी राहते. आधी परीक्षा घेता येते: त्या दोन नसांजवळ बधिर करणारं औषध टोचायचं, टोचण्याआधी आणि नंतर पकड मोजायची, नेहमी दुखणारी कृती करून बघायची. वेदना निम्म्याहून कमी झाली तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. झीज यामुळे थांबत नाही आणि काही वर्षांनी दुखणं परतू शकतं.

शस्त्रक्रियेनंतर

कुठलीही शस्त्रक्रिया असो, पहिल्या दिवसापासून हात छातीच्या वर उंच आणि बोटांची पूर्ण हालचाल: मूठ घट्ट मिटायची, पूर्ण उघडायची, दर तासाला दहा वेळा. प्लास्टर तळव्याच्या आडव्या रेषांपलीकडे गेलेलं असेल तर मूठ मिटत नाही, ते लगेच कापून घ्यावं. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. मनगट सहा आठवडे अडकलेलं चालतं, बोटं अडकली तर सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. सूज उतरायच्या ऐवजी वाढत गेली, त्वचा चकाकायला लागली, रंग बदलला, हलक्या स्पर्शानेही आग व्हायला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवावं. नसांचं हे बिघडलेलं दुखणं लवकर पकडलं तरच आवरतं. हाताच्या पाठीवर बधिरपणा आला असेल तर त्वचेच्या नसेला ताण बसलेला असतो, तो बहुधा महिन्यांत कमी होतो. अंगठा अचानक उचलता येईनासा झाला तर मात्र टेंडन तुटल्याची शंका घ्यावी. बैठं काम असेल तर पट्टा लावून काही आठवड्यांत सुरू करता येतं. ओझं उचलायला तीन ते सहा महिने, आणि पकड वर्षभर सुधारत राहते.

रेडियसमधली ती वाटीही झिजलेली असेल, किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर संपूर्ण मनगट जोडणं उरतं. कृत्रिम सांधाही आहे, पण तो ओझं न उचलणाऱ्या, हलकं आयुष्य असलेल्या माणसासाठी. जड कामात तो सैल पडतो. संपूर्ण जोडणीत रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडापर्यंत एक लांब प्लेट बसवतात, मनगट १० ते १५ अंश मागे आणि किंचित करंगळीकडे ठेवून, कारण त्या कोनात पकड सगळ्यात जोरकस येते. तळहात वर-खाली फिरवणं तसंच राहतं, कारण ती हालचाल दुसऱ्या सांध्यातून होते. वेदना जाण्याची खात्री इतर शस्त्रक्रियांपेक्षा जास्त आणि ओझ्याला बंधन जवळपास नाही. जातं ते वाकणं: अरुंद जागेत हात घालणं, शौचानंतरची स्वच्छता, शर्टाची मानेजवळची बटणं.

हे जमेल का, याचं उत्तर आधीच मिळू शकतं. मनगट अजिबात न हलू देणारा टणक पट्टा त्याच कोनात बनवून घ्या आणि दोन आठवडे दिवसभर घाला, काम करताना, जेवताना, आंघोळ सोडून सगळीकडे. काय अडलं ते लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन सर्जनकडे जा.